फिलिपिन्समधील पारंपरिक आणि सामुदायिक वाद्यवृंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिपिन्सचा असा एकच पारंपरिक वाद्यवृंद आहे का?

नाही. 7,600 हून अधिक बेटांच्या या देशात किमान चार वेगळ्या परंपरा शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांच्यात वाद्ये, प्रसंग व इतिहास यांपैकी फारच थोडे समान आहे. दक्षिणेकडील मिंदानाव आणि सुलू बेटांवर काशा-पितळेच्या उंचवटेदार गाँगांचा कुलिंतांग वृंद आहे. उत्तरेकडील लुझोन बेटाच्या कोर्डिलेरा पर्वतराजीत सपाट गाँगांचे, म्हणजे गांसाचे वादन चालते. स्पॅनिश राजवटीखाली गेलेल्या सखल प्रदेशात तंतुवाद्यांचा रोंदाल्या आणि फुंकून वाजवण्याच्या पितळी वाद्यांची गावोगावची पथके रुजली. शिवाय बांबूच्या वाद्यांचे वृंद देशभर विखुरलेले आहेत.

या सर्वांना जोडणारी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि पुढील उत्तरांमध्ये ती पुन्हा पुन्हा येईल: यांतील बहुतेक संगीत एकट्या माणसाला वाजवताच येत नाही. आपण एखाद्या कलावंताचे नाव घेऊन त्याचे संगीत ऐकतो, तशी सवय येथे अपुरी पडते, कारण या परंपरांमध्ये संगीत जाणणारा घटक हा बहुधा एखादे कुटुंब, एखादा पाडा किंवा एखादे गाव असते.

कुलिंतांग वृंदात कोणती वाद्ये असतात आणि प्रत्येकाचे काम काय?

मागिंदानाव लोकांचा वृंद सर्वांत अधिक अभ्यासला गेला आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. त्यात पाच प्रकारची वाद्ये असतात. ज्याच्यावरून वृंदाला नाव मिळाले ते कुलिंतांग हे वाद्य म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेल्या दोऱ्यांवर एका रांगेत पालथ्या ठेवलेल्या आठ लहान गाँगा. त्या डावीकडून उजवीकडे आकाराने लहान आणि स्वराने उंच होत जातात. वादक त्यांच्यासमोर बसून दोन हलक्या लाकडी दांड्यांनी गाँगांच्या मधोमध असलेल्या उंचवट्यांवर आघात करतो. चाल त्याच्याकडे असते, आणि ती लिहून ठेवलेली नसल्यामुळे प्रत्येक वेळी ठरावीक लहान आकृत्यांची जुळणी, पुनरावृत्ती आणि बदल करत ती नव्याने उभी केली जाते.

अगुंग ही रुंद काठाची, खोल, खर्ज आवाजाची मोठी गाँग असते आणि ती टांगून ठेवतात. वादक एका हाताने रबर गुंडाळलेल्या मोगरीने तिच्या उंचवट्यावर आघात करतो आणि दुसऱ्या हाताने तिचा कंप थांबवतो. हा कंप नेमक्या क्षणी थांबवणे हेच अगुंगवादकाचे खरे कौशल्य आहे, कारण तो उशिरा थांबला तर पुढील आघात गढूळ होतो. तरुण अगुंगवादकांमध्ये वेगाची आणि ताकदीची चढाओढ लागते, आणि जाणते श्रोते त्यांची तुलना उत्साहाने करतात. गांदिंगान म्हणजे जोडीजोडीने समोरासमोर टांगलेल्या चार मोठ्या, उथळ गाँगा. दाबाकान हा कातडी मढवलेला, एका तोंडाचा उभा ढोल असून तो दोन बारीक काठ्यांनी वाजवतात. बाबांदिल ही लहान गाँग तिच्या काठावर वाजवली जाते. तिचा कोरडा, धातूचा ठेका सुरुवातीपासून अखेरपर्यंत चालू राहतो आणि भजनात टाळ जे काम करतो तेच ती येथे करते.

ऐकताना लक्ष कुलिंतांगच्या चालीकडे जाते हे स्वाभाविक आहे, पण एकदा बाबांदिल आणि दाबाकान वगळून तीच चाल ऐकली की तिच्यातील अर्धा प्राण निघून गेल्यासारखे वाटते. चालीतील स्वरांच्या जागा ठेक्याच्या संदर्भातच कळतात. घरी एकट्याने सराव करणाऱ्या विद्यार्थ्यालाही म्हणूनच ठेका धरण्यासाठी दुसरे कोणीतरी लागते.

वादनाच्या ठेक्यांना नावे आहेत. तिदतु, बिनालिग, सिनुलोग, दुयुग आणि तागुंगो हे मागिंदानाव परंपरेतील प्रमुख प्रकार होत. त्यांतील पहिले चार करमणुकीच्या व समारंभाच्या प्रसंगी वाजतात, तर तागुंगोचा संबंध विधींशी आहे. याशिवाय कामामातुआन ही ज्येष्ठांची संथ, संयत शैली आणि कागुंगुदान ही तरुणांची वेगवान, नटवी शैली असा भेदही समाज स्वतःच करतो. तरुणपणी दुसऱ्या शैलीत रमलेले वादक वय वाढल्यावर पहिलीकडे वळतात, आणि हा प्रवास तेथे सहज गृहीत धरला जातो.

या गाँगांचे स्वर ठरलेले असतात का? त्यांवर आपले राग वाजवता येतील का?

प्रत्येक संचाचे स्वर वेगळे असतात. दोन घरांतील कुलिंतांग एकत्र आणून एकच चाल वाजवली तर ती एकाच चालीची दोन रूपे वाटतील, परंतु स्वरांतरे जुळणार नाहीत. वादकांना त्यात काही गैर वाटत नाही, कारण त्यांच्या लेखी चढ-उताराची दिशा, गाँगांचा क्रम आणि ठेका यांवरून रचना ओळखली जाते. षड्ज ठरवून बाकीचे स्वर मोजणाऱ्या आपल्या कानाला हे सुरुवातीला अडखळवते. राग वाजवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा ही वेगळी श्रवणदृष्टी समजून घेणे अधिक फलदायी ठरेल.

जुने संच मेणाचा साचा वितळवून धातू ओतण्याच्या पद्धतीने घडवले जात. लानाव देल सुर प्रांतातील तुगाया हे गाव पितळेच्या ओतकामासाठी प्रसिद्ध आहे. चांगली गाँग ही घराण्याची संपत्ती मानली जाई. मिंदानावमधील अनेक समाजांत ती विवाहाच्या वेळी वधूमूल्याचा भाग म्हणून दिली जात असे आणि ती कोणाच्या घरी आहे यावरून त्या घराची प्रतिष्ठा कळत असे.

गांदिंगानला 'बोलक्या गाँगा' का म्हणतात?

मागिंदानाव भाषेतील वाक्यांची लय आणि स्वरांची चढ-उतार या चार गाँगांवर उमटवून संदेश पाठवण्याची रीत होती. दूरवर बसलेल्या माणसाला धोक्याची सूचना देणे, कोणाला बोलावणे, इतकेच नव्हे तर वडीलधाऱ्यांच्या देखत उघडपणे बोलता न येणाऱ्या तरुण-तरुणींनी एकमेकांशी संवाद साधणे, हे सर्व त्यातून घडत असे. ज्याला भाषा येते त्यालाच तो संदेश कळतो.

कुलिंतांग वाजवणारे बहुतेक लोक मुस्लिम आहेत. मग हे इस्लामी धार्मिक संगीत आहे का?

नाही. मागिंदानाव, मारानाव, ताउसुग आणि याकान हे समाज मुस्लिम आहेत, पण गाँगवादनाची परंपरा त्या प्रदेशात इस्लाम पोहोचण्यापूर्वीपासूनची आहे आणि पुढेही ती मशिदीबाहेर, लग्न, पाहुण्यांचे स्वागत, सणाचा आनंद अशा सामाजिक प्रसंगांशी जोडलेली राहिली. इंडोनेशिया, ब्रुनेई आणि मलेशियाच्या पूर्व भागातही तिचे जवळचे नातलग आढळतात. आजच्या राष्ट्रीय सीमा या संगीताला फारशा ठाऊक नाहीत.

उत्तरेकडील गांसा आणि दक्षिणेकडील कुलिंतांग यांत फरक काय?

पहिला फरक डोळ्यांना दिसतो: गांसाच्या मधोमध उंचवटा नसतो, ती काठ वळवलेली, सपाट, थाळीच्या आकाराची असते. दुसरा फरक अधिक खोल आहे. कुलिंतांगमध्ये एका वादकाकडे अनेक स्वर असतात. गांसाच्या वृंदात प्रत्येक वादकाकडे एकच गाँग, म्हणजे एकच स्वर असतो. चाल कोणा एकाच्या हातात नसतेच. ती सहा जणांच्या आघातांच्या फटींमधून तयार होते.

कालिंगा लोकांचा गांसा तोपाया हा प्रकार यासाठी विशेष ऐकण्याजोगा आहे. सहा पुरुष गुडघे टेकून बसतात, प्रत्येकाच्या मांडीवर एक गाँग पालथी असते आणि ती तळहातांनी वाजवली जाते: एक हात थाप मारतो, दुसरा घसरत जाऊन नाद दाबतो किंवा मोकळा सोडतो. सर्वांत खर्ज गाँगेचा वादक एक लहान आकृती सुरू करतो. दुसरा वादक तीच आकृती किंचित उशिराने उचलतो, मग तिसरा, मग चौथा. चौघेही एकच गोष्ट करत असतात, पण वेगवेगळ्या क्षणी सुरू केल्यामुळे ऐकणाऱ्याला सतत फिरत राहणारी चाल ऐकू येते, जी त्यांपैकी कोणीच वाजवत नसतो. पाचवा वादक वेगळा ठेका धरतो, आणि सर्वांत लहान गाँगेचा सहावा वादक या विणीवर मुक्तपणे खेळतो. यांतील एक माणूस उठून गेला तर चालीत भोक पडते आणि ते कोणालाही लपवता येत नाही.

गांसा पातुंग या दुसऱ्या प्रकारात वादक गाँग डाव्या हातात धरून काठीने वाजवतात आणि वाजवता वाजवता वाकून, पावले टाकत रांगेत किंवा अर्धवर्तुळात नाचतात. स्त्रिया हात पसरून त्यांत सामील होतात. येथे वादक आणि नर्तक असा भेद उरत नाही. लग्ने, मेजवान्या आणि दोन गावांमधील बुदोंग हा शांतता-करार यांसारख्या प्रसंगी हे वादन होते. इबालोय लोकांकडे आणखी वेगळी रचना आहे: सोलिबाव आणि किंबाल हे दोन निमुळते ढोल, दोन गाँगा आणि एकमेकांवर आपटण्याच्या लोखंडी पट्ट्या.

शेतीशी या वाद्यवृंदांचा संबंध आहे का?

फार जवळचा आहे, आणि त्याविषयी पुरेसे लिहिले जात नाही याची मला खंत वाटते.

बासिलान बेटावरील याकान लोक क्विंतांगान कायु नावाचे वाद्य वाजवतात. लाकडाचे पाच ओंडके शेताजवळच्या झाडाला आडवे टांगून भाताची लावणी झाल्यावर ते पिकासाठी वाजवले जातात. रोपांना त्या नादाने जाग येते, त्यांना कुरवाळल्यासारखे वाटते आणि ती जोमाने वाढतात, अशी श्रद्धा आहे. लामितान येथील उवांग आहादास यांनी ही सारी वाद्ये आत्मसात केली. वास्तविक त्यांच्या समाजात गाँगांची रांग वाजवणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे क्षेत्र होते. दृष्टी अधू असतानाही त्यांनी ती कला पुढच्या पिढीला शिकवली. 2000 साली फिलिपिन्स सरकारने त्यांना राष्ट्रीय जिवंत वारसा म्हणून गौरवले.

पालावान बेटाच्या डोंगराळ भागात बासाल हा गाँग व ढोलांचा वृंद भाताच्या देवतेला अर्पण करण्याच्या तांबिलाव या विधीत वाजतो. लोक एकत्र येऊन भात शिजवतात, वाटून खातात, तांदळाचे मद्य पितात आणि रात्रभर वादन चालते. मासिनो इंताराय हे या परंपरेचे आणि तेथील कुलिलाल या प्रेमगीतांचे थोर जाणकार होते.

लुझोनमधील इफुगाव लोकांच्या हुधुद या आख्यानगायनात वाद्ये नाहीत, तरी त्याचा उल्लेख येथे टाळता येत नाही. भाताची पेरणी, कापणी आणि मृताच्या जागरणाच्या प्रसंगी बहुधा एक वृद्ध स्त्री आख्यान पुढे नेते आणि बाकीच्या समूहाने ओळीचा उरलेला भाग गाऊन पूर्ण करायचा असतो. एकेक आख्यान कित्येक दिवस चालू शकते. युनेस्कोने 2001 साली हुधुदला आणि 2005 साली मारानाव लोकांच्या दारांगेन या महाकाव्याला मानवतेच्या मौखिक वारशात स्थान दिले.

रोंदाल्या म्हणजे काय? तो स्पॅनिश मानावा की फिलिपिनो?

रोंदाल्या हा छेडून वाजवण्याच्या तंतुवाद्यांचा वृंद आहे. त्यात बांदुर्रिया, लाउद, ऑक्ताविना, गिटार आणि बाहो दे उन्यास हे खर्जाचे मोठे वाद्य असते. चाल मुख्यतः बांदुर्रियाकडे असते. तिच्या तारा नखीने इतक्या वेगाने सलग छेडल्या जातात की स्वर तुटक न वाटता लांबत राहतो. पंधरा-वीस बांदुर्रिया एकाच वेळी असे वाजू लागल्या की ऐकणाऱ्याला तारांच्या झंकाराऐवजी एक थरथरता, अखंड प्रवाह जाणवतो.

स्पेनने 1565 ते 1898 या काळात फिलिपिन्सवर राज्य केले आणि ही वाद्ये त्या काळात आली, यात वाद नाही. एकोणिसाव्या शतकात अशा वृंदाला तेथे कोंपार्सा म्हणत; रोंदाल्या हे नाव पुढे अमेरिकन अमदानीत रूढ झाले. पण वाद्ये जशी आली तशी राहिली नाहीत. स्पेनमधील बांदुर्रियाला बारा तारा असतात, दोन-दोनच्या सहा जोड्यांत. फिलिपिनो बांदुर्रियाला चौदा तारा असतात: सर्वांत खर्ज तार एकटी, नंतरच्या दोन जागी दुहेरी आणि वरच्या तीन जागी तिहेरी. उंच स्वरांना अधिक तारा दिल्यामुळे चाल इतर वाद्यांवर तरंगते आणि मोकळ्या अंगणातही ऐकू येते. लाउद आणि ऑक्ताविना यांनाही तेथे चौदाच तारा असतात. वाद्यांसाठी फणस आणि नारा या स्थानिक झाडांचे लाकूड वापरले जाते. सेबूजवळचे माक्तान बेट गिटार बनवणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे.

वादनाचा साठाही स्थानिक आहे: बांबूंच्या मधून पावले टाकत केले जाणारे तिनिक्लिंग नृत्य, कुंदिमान ही तीन मात्रांच्या लयीतील प्रेमगीते, आणि निरनिराळ्या प्रांतांतील लोकनृत्यांची साथ. तेव्हा जन्मस्थान विचारले तर स्पेन, आणि घर विचारले तर फिलिपिन्स, असे उत्तर देता येईल. वसाहतीच्या काळात आले म्हणून रोंदाल्याला 'कमी अस्सल' समजणे मला अन्यायाचे वाटते. शेकडो शाळांमध्ये मुलांना हातात मिळणारे पहिले वाद्य आजही बांदुर्रियाच असते, आणि 1973 साली सुरू झालेल्या तरुण कलावंतांच्या राष्ट्रीय संगीत स्पर्धांमध्ये रोंदाल्यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

गावोगावच्या बँडपथकांचे इतके महत्त्व का?

सखल प्रदेशातील प्रत्येक गावाचा एक संरक्षक संत असतो आणि त्याच्या सणाला, म्हणजे फिएस्ताला, बँडशिवाय शोभा येत नाही. पहाटे गावातून फिरून लोकांना जागे करणे, मिरवणुकीत संताच्या मूर्तीमागे चालणे, पाहुण्यांना वाजवत आणणे, अंत्ययात्रेला सोबत करणे ही सारी कामे पथक करते. वादक बहुधा शेतकरी, कोळी, सुतार, रिक्षाचालक, शिक्षक अशा पेशांतील असतात आणि वाद्य बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे जाते. पथकापुढे काठी फिरवत चालणाऱ्या मुली असतात. संध्याकाळी चौकात दोन पथके समोरासमोर बसवून आळीपाळीने वाजवण्याची सेरेनाता नावाची प्रथा आहे. संचलनाच्या संगीतापासून युरोपीय ऑपेरांच्या प्रस्तावनांपर्यंत साठा उपसला जातो, आणि ज्या पथकाची शिदोरी आधी संपेल ते हरले असे मानतात.

राष्ट्राच्या इतिहासातही या पथकांना जागा आहे. 12 जून 1898 रोजी काविते प्रांतातील कावित येथे एमिलियो अगिनाल्दो यांच्या घरी स्वातंत्र्याची घोषणा झाली, तेव्हा हुलियान फेलिपे यांनी रचलेली, पुढे राष्ट्रगीत बनलेली धून सान फ्रान्सिस्को दे मालाबोन या गावच्या बँडने वाजवली. त्या दिवशी तिला शब्द नव्हते. होसे पाल्मा यांची कविता तिला 1899 मध्ये जोडली गेली. म्हणजे राष्ट्राने आपले गीत प्रथम ऐकले ते एका गावाच्या पथकाकडून.

अमेरिकन राजवटीत, 1902 साली, वॉल्टर हॉवर्ड लव्हिंग या आफ्रिकन-अमेरिकन अधिकाऱ्याने फिलिपिन्स कॉन्स्टॅब्युलरी बँड उभा केला. 1904 च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात या पथकाने अमेरिकन श्रोत्यांना चकित केले. तेथे वादन चालू असताना दिवे गेले, लव्हिंग यांनी छडीला पांढरा रुमाल बांधला आणि वादकांनी अंधारात रचना न थांबता पूर्ण केली, अशी आठवण सांगितली जाते. त्याच प्रदर्शनात फिलिपिन्समधील डोंगरी लोकांना 'आदिम' म्हणून कुंपणाआड मांडले होते, हे विसरता कामा नये. एकाच देशातील माणसांपैकी काहींचे वादन टाळ्यांसाठी आणि काहींचे जगणे कुतूहलासाठी वापरले गेले. 1909 साली विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांच्या अध्यक्षपदाच्या शपथविधीच्या समारंभात हाच बँड वाजला. लव्हिंग यांचा 1945 मध्ये मनिलाच्या लढाईच्या दिवसांत मृत्यू झाला.

रिझाल प्रांतातील आंगोनो या सरोवरकाठच्या गावाचा उल्लेख राहू नये. 23 नोव्हेंबरला सान क्लेमेंतेच्या सणात तेथे कागदी लगद्याच्या प्रचंड बाहुल्यांसोबत बँडची मिरवणूक निघते. राष्ट्रीय कलावंत हा सर्वोच्च सन्मान मिळालेले संगीतकार लुसियो सान पेद्रो हे याच गावचे, आणि त्यांच्या संगीताची मुळे या गावच्या बँडपरंपरेत होती.

गोव्यातील चर्चच्या बँडशी याचे साम्य आहे का?

साम्य खरे आहे आणि त्याचे कारणही समान आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवली गेली. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश मिशनऱ्यांनी तेच केले. दोन्हीकडे सणाच्या मिरवणुकीत बँड वाजू लागला, आणि दोन्हीकडच्या वादकांना स्वरलेखन वाचता येत असल्यामुळे आशियाभर मागणी आली. गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत, जॅझच्या पथकांत आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत शिरले. फिलिपिनो वादक शांघायच्या नगरपालिकेच्या बँडपासून हाँगकाँग आणि दक्षिण-पूर्व आशियातील जहाजे व हॉटेलांपर्यंत पोहोचले. मुंबईच्या संगीतात गोवेकरांचे श्रेय जसे उशिरा मान्य झाले, तसेच आशियातील जॅझच्या इतिहासात फिलिपिनो वादकांचे नाव अजून पुरेशा ठळकपणे घेतले जात नाही.

बांबूची वाद्ये कुठे ऐकायला मिळतात?

बहुतेक सर्वत्र. कोर्डिलेरात जमिनीवर आपटण्याच्या बांबूच्या नळ्या, नाकाने वाजवण्याची बासरी आणि फटीतून गुंजणारी वाद्ये आहेत, व त्यांचीही गांसासारखी परस्परांत गुंफलेली वृंदरचना होते. सखल प्रदेशात, पितळी वाद्ये परवडत नसल्यामुळे, बांबूच्या नळ्यांपासून तशाच आकाराची वाद्ये बनवून वाजवणारी मुसिकोंग बुंबोंग ही पथके निघाली. 1966 साली व्हिक्टर तोलेदो यांनी शाळकरी मुलांना घेऊन स्थापन केलेल्या पांगकात कावायान या वृंदाने पूर्णपणे बांबूच्या वाद्यांवर लोकगीतांपासून पाश्चात्त्य रचनांपर्यंत सर्व काही वाजवून दाखवले.

मनिलालगतच्या लास पिन्यास येथील चर्चमधील बांबूचा ऑर्गन मात्र जगात अजोड आहे. दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने 1816 साली काम हाती घेतले आणि 1824 मध्ये ते पूर्ण झाले. कीड लागू नये म्हणून बांबू समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते. ऑर्गनला 1,031 नळ्या आहेत. त्यांपैकी 902 बांबूच्या आणि 129 धातूच्या. भूकंप आणि वादळांनी खिळखिळा झालेला हा ऑर्गन 1973 मध्ये जर्मनीतील बॉन येथील क्लाइस यांच्या कार्यशाळेत दुरुस्तीसाठी नेण्यात आला आणि 1975 मध्ये परतला. 1976 पासून तेथे दरवर्षी आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो.

गायनवृंदांचे काय?

तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून दोनच उल्लेख करतो. आंद्रेआ वेनेरासिओन यांनी 1963 साली स्थापन केलेला फिलिपिन मॅड्रिगल सिंगर्स हा वृंद अर्धवर्तुळात बसून, समोर संचालक न ठेवता गातो. युरोपियन ग्रां प्री हा समूहगायनातील मोठा पुरस्कार त्याने 1997 आणि 2007 असा दोनदा मिळवला. बोहोल बेटावरील लोबोक या लहान गावातील मुलांचा गायनवृंद 1980 पासून चालू आहे.

रंगमंचावर दिसणारे 'फिलिपिनो लोकसंगीत' खरे असते का?

हा प्रश्न नाजूक आहे. 1957 साली मनिलाच्या फिलिपिन विमेन्स युनिव्हर्सिटीत बायानिहान हा नृत्यसमूह स्थापन झाला. पुढील वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्याने नाव कमावले, आणि 1998 च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय लोकनृत्य समूहाचा दर्जा मिळाला. संगीत विभाग लुक्रेसिया कासिलाग यांनी सांभाळला. त्या स्वतः उत्तम संगीतकार होत्या आणि आशियाई वाद्यांचा त्यांनी गंभीर अभ्यास केला होता. या समूहामुळे कुलिंतांग आणि गांसा यांची नावे जगभर पोहोचली, आणि नवीन राष्ट्राला आपल्याकडे काय आहे ते एका नजरेत पाहता आले.

पण त्यासाठी रात्रभर चालणारे वादन काही मिनिटांत बसवावे लागले, विधी वगळावे लागले आणि वेशभूषा भडक करावी लागली. मारानाव लोकांचे सिंगकिल हे नृत्य रंगमंचावर राजकन्या आणि राजपुत्राच्या प्रणयकथेसारखे मांडले गेले, आणि त्यावर मिंदानावमधील जाणकारांनी तसेच अभ्यासकांनी आक्षेप घेतले. ते आक्षेप मला रास्त वाटतात. रंगमंचीय रूप पाहण्यात काही चूक नाही, परंतु ते पाहून मारानाव संगीत कळले असे समजणे चूक आहे. ज्यांचे संगीत आहे त्यांना त्याच्या मांडणीविषयी बोलण्याचा पहिला अधिकार असला पाहिजे.

या परंपरांच्या जतनासाठी काय केले जात आहे?

1992 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय जिवंत वारसा हा सन्मान दिला जातो, आणि सन्मानित व्यक्तीने आपली कला पुढील पिढीला शिकवावी अशी त्यात अपेक्षा असते. 1993 च्या पहिल्या तीन मानकऱ्यांमध्ये मासिनो इंताराय आणि मागिंदानाव लोकांचे कुत्यापी हे दोन तारांचे वाद्य वाजवणारे सामाओन सुलाइमान होते. कालिंगा प्रांतातील लुबुआगानचे आलोन्सो साक्लाग यांना 2000 साली तो मिळाला; त्यांनी शाळकरी मुलांना गांसा आणि नृत्ये शिकवण्याचा ध्यास घेतला.

संगीतकार आणि अभ्यासक होसे मासेदा यांनी पन्नाशीच्या दशकापासून बेटाबेटांवर फिरून केलेली ध्वनिमुद्रणे फिलिपिन्स विद्यापीठात जपली आहेत, आणि 2007 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंचयात त्यांची नोंद झाली. मासेदा यांनी केवळ संग्रह केला नाही. अनेक माणसांनी थोडे थोडे वाजवून मोठा नाद निर्माण करण्याचे डोंगरातले तत्त्व त्यांनी आपल्या नव्या रचनांत आणले. 1974 मधील एका रचनेचे वीस भाग त्यांनी मनिलातील वीस रेडिओ केंद्रांवरून एकाच वेळी प्रक्षेपित केले आणि लोकांनी आपापले रेडिओ घेऊन मैदानांत जमावे, असे सुचवले. श्रोत्यांनी रेडिओ आणले तरच रचना पूर्ण ऐकू येणार होती.

अमेरिकेत स्थायिक झालेले दानोंगान कालांदुयान यांनी सिएटल आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील फिलिपिनो तरुणांना कुलिंतांग शिकवले. त्यांना 1995 साली अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. या तरुणांपैकी अनेकांचे घराणे मुळात मिंदानावचे नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

मराठी श्रोत्याने सुरुवात कुठून करावी?

गांसा तोपायापासून करावी, असे मी सुचवेन. पहिल्यांदा पूर्ण वृंद ऐकावा, मग केवळ सर्वांत खर्ज गाँगेवर लक्ष ठेवून तेच मुद्रण पुन्हा ऐकावे, त्यानंतर दुसऱ्या गाँगेवर. चौथ्या वेळी कान आपोआप सहाही वादक वेगळे ओळखू लागतो. त्यानंतर मागिंदानाव कुलिंतांगची कामामातुआन शैलीतील मुद्रणे घ्यावीत, कारण संथ लयीत बाबांदिल आणि अगुंग यांची कामे स्पष्ट कळतात; वेगवान कागुंगुदान नंतरसाठी ठेवावे. रोंदाल्या ऐकताना शक्यतो मोठ्या सभागृहापेक्षा शाळेच्या किंवा गावच्या वृंदाचे मुद्रण निवडावे. आणि फिलिपिन्सला प्रत्यक्ष जाणे होणार असेल, तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ज्या गावात जायचे त्या गावच्या फिएस्ताची तारीख पाहावी.